खुरासणीचे पिवळे दिवस

दसरा उलटला की नाशिकच्या हवेचा स्वभाव बदलतो. पहाटे चादर ओढावी आणि दुपारी पंखा लावावा, असे ते दिवस. दिंडोरीकडून येणाऱ्या वाऱ्याला द्राक्षछाटणीनंतरच्या फवाऱ्यांचा वास असतो. पंचवटीच्या बाजारात कालपर्यंत मिजाशीत बसलेल्या झेंडूचे ढीग आज गाई खात असतात. आणि त्र्यंबक ओलांडून हरसूलच्या अंगाला गेलात, तर डोंगरांचे उतारच्या उतार पिवळे झालेले दिसतात. ती खुरासणी. आपण शहरातली माणसं तिला कारळं म्हणतो आणि चटणीपुरती ओळखतो. पण ती फुलल्यावर एकदा बघावी. हळद सांडली, सोनं सांडलं वगैरे जे काही कुणी लिहितं, त्यापेक्षा ती पिवळी असते.

गेल्या आठवड्यात मला हरसूलला जावं लागलं. एसटीत खिडकी मिळाली होती, ती मी एका आजोबांना देऊन टाकली. आजोबा शेजारच्याला म्हणाले, "अजून आहेत हो चांगली माणसं." मी मान खाली घालून तो आशीर्वाद खिशात टाकला. चांगला माणूस वगैरे काही नाही. मला ते पिवळं बघायचं नव्हतं, एवढंच.

मी चष्मे विकतो. मेन रोडला दुकान आहे. पण तो पोटाचा धंदा. जन्माने मी नट. हौशी नाटकांत मी दोनदा प्रेत, तीनदा पोस्टमन आणि एकदा वाक्य असलेला पोलीस झालो आहे. ते वाक्य होतं, "साहेब, दार आतून बंद आहे." ह्या एका वाक्यावर मी तीन वेळा हशा घेतला, आणि दिग्दर्शकाने पुढच्या प्रयोगाला पोलीस बदलला. शोकांतिका होती ती. तेव्हापासून मी मिळेल त्या जागी प्रयोग लावत आलो: दुकानात, लग्नाच्या पंगतीत, बँकेच्या रांगेत.

माझ्यातल्या ह्या बेकार नटाला काम दिलं ते आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांनी. नव्वदचं दशक निम्मं संपलं होतं. डॉक्टर चष्म्याची काडी घट्ट करायला आले आणि म्हणाले, "विनायक, माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना गोळी नकोच आहे. त्यांना घरातून बाहेर ओढणारा माणूस हवाय. तू बडबड्या आहेस. ने त्यांना डोंगरावर."

"आणि कुणी पडलं म्हणजे?"

"पडणार नाही असं ने. तेवढं डोकं आहे तुला."

अशी आमची रविवारची टोळी सुरू झाली. साखरवाले, बीपीवाले, नवरे गेलेल्या दोन सख्ख्या बहिणी, बँकेत जीव न रमणारा एक कॅशियर, वीसेक माणसं. त्यांना मी रामशेजपासून सुरुवात करून एकेक डोंगर चढवू लागलो, आणि खरं सांगतो, मी ते नीट केलं. टोळीत सगळ्यात हळू चालणारा सगळ्यात पुढे. वेग त्याचा, बाकीच्यांनी मागून यायचं. सगळ्यात शेवटी चालणारा तो 'शेपूट'. शेपटाच्या मागे कुणी राहायचं नाही, आणि कुणी राहिलं तर शेपटाने हलायचं नाही. आदल्या आठवड्यात मी एकटा जाऊन पाहणी करणार: पाणी कुठे, निसरडं कुठे, वर काही बिघडलंच तर कोणत्या वाटेने खाली पळायचं. आणि चढण्यापूर्वी पायथ्याशी सगळ्यांना उभं करून सूचना.

सूचना! तो माझा रंगमंच. पहिले काही रविवार मी त्या शाळेतल्या सरांसारख्या दिल्या. माणसं जांभया देत, बुटांच्या नाड्या बांधत, आणि वर गेल्यावर नेमकं नको तेच करत. मग एकदा मी घसरून पडणाऱ्या माणसाची नक्कल करून दाखवली. काय हशा! त्या दिवशी एकही माणूस घसरला नाही. मला वाटलं, सापडलं. हसता हसता ऐकलेलं लक्षात राहतं. पुढे मी साप झालो, मुरगळलेला पाय झालो, डबा खाऊन कागद फेकणारी बाई झालो. लोक म्हणायला लागले, "डोंगर राहू द्या हो, आम्ही सूचना ऐकायला येतो." ह्या वाक्याची मला भीती वाटायला हवी होती. मला गुदगुल्या झाल्या.

मालतीकाकू पहिल्यांदा दुकानात आल्या त्या नवऱ्याचा चष्मा घेऊन. म्हणाल्या, "नंबर वाढलाय का बघता का? पेपर वाचणं बंद केलंय ह्यांनी." मी काच तपासली. त्यांना घेऊन या म्हटलं, तर त्या काउंटरवर बोट फिरवत राहिल्या. "येणार नाहीत. डोळ्यांचं काही नसेल बहुतेक. वाचायचंच नाही म्हणतात. बोलायचंही नाही. भिंतीकडे बघत बसतात." भास्करकाका पाटबंधारे खात्यात नकाशे काढत. धाकटा भाऊ अचानक गेला, पाठोपाठ स्वतः निवृत्त झाले, आणि माणूस बोलायचा थांबला. आठ महिने झाले होते. "तुमची ती टोळी आहे म्हणे," काकू म्हणाल्या. "त्यात घ्याल का ह्यांना? मीही येईन. ते काही बोलणार नाहीत, पण चालतील."

चालले. चार रविवार एक शब्द नाही. पाचव्या रविवारी मी हातवारे करत वाट समजावत होतो, तर काकांनी खिशातून पेन्सिल काढली आणि माझ्या हातातल्या कागदावर मी चुकवलेला ओढा दुरुस्त केला. मग तर काय, प्रत्येक डोंगराचा नकाशा काळ्या शाईत तयार होऊन यायला लागला. पाण्याच्या टाक्याला निळा ठिपका, धोक्याच्या जागी लाल. पावसाळ्याच्या तोंडाशी मी त्यांना शेपूट केलं. ती जबाबदारी त्यांनी अशी घेतली, जणू धरणाची भिंतच त्यांच्यावर सोपवलीय. सगळे पुढे गेले का, हे तीन वेळा बघितल्याशिवाय पाऊल उचलत नसत. पण हसले नव्हते. अजून एकदाही नाही. काकू मला विचारत, "विनायक, हसतील का रे हे कधी?" एव्हाना मी 'अहो'चा 'अरे' झालो होतो. मी छातीवर हात ठेवून, नाटकातल्यासारखं वाकून म्हणायचो, "काकू, ह्यांना हसवलं नाही तर दुकान बंद करीन!"

तो डोंगर हरसूलच्या वाटेवरचा. नाव लिहीत नाही. डोंगराचा दोष नाही. वर कड्याच्या पोटात देवीची गुहा, बाहेर पाण्याचं टाकं. कोजागिरीच्या आदल्या आठवड्यात मी पाहणीला गेलो. पायथ्याच्या पाड्यावर सोमाबाबा राहत. सत्तरीचा माणूस, पण चढणीला मला मागे टाकणारा. त्यांनी वर नेलं आणि गुहेच्या डोक्यावरचा कडा दाखवला. काळ्या घोंगड्या वाळत घातल्यासारखी मधमाश्यांची पोळी लोंबत होती. एक, दोन, सात.

"आग्या हाय," सोमाबाबा म्हणाले. "खुरासणी फुलली का येती. धूर नाय करायचा, वासाचं काय लावून नाय यायचं, वरडायचं नाय. एवढं पाळलं त काय नाय करत ती."

"उदबत्ती?"

"धूर म्हंजी धूर. देवीचा असू दे का बिडीचा."

इथे मी डोंगर बदलू शकत होतो. रामशेज होता, पांडवलेण्यांची टेकडी होती. पण उतरताना ती पिवळी शेतं आणि त्यांवरचा तो गुणगुणाट! माझ्या डोक्यात प्रयोग सुरू झाला होता. राणीमाशीचा दरबार. परतीच्या एसटीत मी तिचा आवाजसुद्धा पक्का केला.

रविवारी सकाळी सोमाबाबांच्या अंगणात टोळी उभी केली. मी आधी साध्या शब्दांत सांगितलं: धूर नाही, उदबत्ती नाही, कापूर नाही, अत्तर-पावडर लावली असेल तर आत्ता पुसा, वर हळू बोला. माणसं गंभीर झाली. कुणी रुमालाने मान पुसली. नटाला शांतता सहन होत नाही. मी लगेच राणीमाशी झालो. कमरेवर हात, नाकातून आवाज: "कोण आहे रे तिकडे? काय म्हणता, नाशिकचे मधुमेही? सोडा त्यांना! त्यांची साखर खाऊन आमचंच पोळं आजारी पडायचं!"

टोळी लोळली. आणि मागे, सगळ्यांच्या मागे, एक नवाच आवाज आला. खर्जातला, गंजलेला, कुलूप उघडावं तसा. भास्करकाका हसत होते. डोळ्यांत पाणी येईपर्यंत, काठीवर वाकून.

तेवढ्यात काकू आल्या. त्या सोमाबाबांच्या कारभारणीला विचारून बांधावरून देवीसाठी खुरासणीची फुलं खुडायला गेल्या होत्या. ओटीत फुलं, आणि समोर हसणारा नवरा. तिथेच थबकल्या. कॅशियर ओरडला, "वन्स मोअर! काकूंसाठी वन्स मोअर!" सगळ्यांनी टाळ्या धरल्या.

मी पुन्हा केलं. काकूंसाठी म्हणून केलं. पण कोणताही नट वन्स मोअरला काय करतो? जिथे हशा आला होता तेवढंच घेतो. धुराचं, उदबत्तीचं, कापराचं, जिथे माणसं गप्प झाली होती ते सगळं मी गाळलं आणि थेट दरबारात शिरलो. राणीमाशीला दोन वाक्यं वाढवूनही दिली. काका दुसऱ्यांदाही हसले. काकू हसल्या नाहीत. त्या फक्त त्यांच्याकडे बघत होत्या, आणि ओठ हलत होते त्यांचे. देवीशी बोलत असाव्यात.

तो नवस होता, हे मागाहून कळलं. हे मोकळे हसतील त्या दिवशी तुझ्यापुढे धूप घालीन. नवस बोलून दाखवायचा नसतो, म्हणून कुणाला सांगितला नव्हता; पण धुपाची पुडी आणि काडेपेटी त्या कित्येक महिने प्रत्येक डोंगरावर पिशवीतून नेत होत्या.

वर पोचल्यावर टोळीने टाक्यापाशी डबे उघडले. मी एक किस्सा सांगत होतो. कोणता, ते आता आठवत नाही, आठवायचा प्रयत्नही करत नाही. काकू गुहेत दर्शनाला गेल्या होत्या, आणि शेपूट म्हणून काका गुहेच्या तोंडाशी थांबले होते. मला आधी वास आला. चांगला वास होता. देवघरातला, सणाच्या सकाळचा. एक क्षण मला प्रसन्न वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं. मग कुणीतरी मोठी सतरंजी झटकावी तसा आवाज झाला आणि कड्यावरच्या घोंगड्या हलल्या.

पळायची वाट पाहणीत ठरली होती. डावीकडून कारवीच्या झाडीत, डोकी झाकून, थेट खाली. टोळी त्या वाटेने पळाली, मी पुढे. चावे बसले, सुजलो, पण सगळे खाली आले. माझं नियोजन सतरा माणसांपुरतं चोख निघालं.

काका पळाले नाहीत. मागे माणूस राहिलं असताना शेपटाने हलायचं नाही, हा नियम मीच केला होता. ते गुहेत शिरले, अंगातलं जाकीट काढून काकूंच्या डोक्यावर घातलं, त्यांना भिंतीशी बसवलं, आणि स्वतः त्यांच्याकडे पाठ करून उभे राहिले. अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा. सोमाबाबा ओल्या घोंगड्या घेऊन वर पोचेपर्यंत तसेच. काकूंच्या हातांवर दहा-बारा चावे होते. काकांचे मोजता येत नव्हते.

चादरीची झोळी करून आम्ही त्यांना खाली आणलं. वाटेत त्यांनी एकदाच डोळे उघडले. तोंड सुजून शब्द जाड झाले होते. "सगळे आले?"

"आले काका."

"मागे कोण?"

"कुणी नाही."

दुधाच्या जीपमधून त्र्यंबकला पोचण्याआधीच ते गेले.

जीप निघण्यापूर्वी सोमाबाबांनी माझा दंड धरला होता. "म्या सांगितलं व्हतं ना तुला?"

"हो."

"तू त्यांना सांगितलं का?"

"सांगितलं."

हे खोटं नव्हतं. म्हणून तर इतकं सोपं गेलं. पोलिसांनी विचारलं, सूचना दिल्या होत्या का? टोळीतले सगळे एकदम म्हणाले, "हो साहेब, दोनदा दिल्या." दोनदा! साहेबांनी तसं लिहून घेतलं. दुसऱ्या वेळेत काय होतं, हे कुणाच्या लक्षात नव्हतं. हसणारा माणूस काय गाळलं ते ऐकत नाही. काकूंनाही विचारलं. हातांना पट्ट्या बांधलेल्या, त्या म्हणाल्या, "दिल्या असतील. माझंच लक्ष नव्हतं. मी ह्यांच्याकडे बघत होते."

तेराव्याला त्यांचा मुलगा बंगळूरहून आला होता. ताटं वाढून झाली होती, मी पाण्याचे पेले ठेवत होतो. तो हळू आवाजात म्हणाला, पण सगळ्यांना ऐकू गेलं: "आई, दोनदा सांगितलं होतं ना गं तुला? दोनदा?" काकूंनी मान हलवली. पंगतीत कुणी वर बघितलं नाही. मंचावर दुसऱ्याचं वाक्य चुकलं तर ते सावरून घेणारा मी, त्या दिवशी माझं स्वतःचं वाक्य घशात घेऊन पेले ठेवत राहिलो. पुढच्या पानाला. त्याच्या पुढच्या.

गप्प राहणं ही एका क्षणाची गोष्ट असते, असं मला वाटायचं. तसं नाही. ते रोज नव्याने करावं लागतं. दुकान उघडताना, चष्म्याची काच पुसताना, कुणी विचारलं की काकू कशा आहेत, तेव्हा. मुलगा पहिल्या वर्षी दिवाळीला आला नाही. दुसऱ्या वर्षी फोन आला, तिसऱ्या वर्षी तोही नाही. टोळीतल्या त्या दोघी बहिणी काकूंकडे जायच्या बंद झाल्या, एक जण मला म्हणाली, "जीव तुटतो हो त्यांच्यासाठी, पण दोनदा सांगूनही बाईने लावावा धूप?" मी मान डोलावली. हो, डोलावली. आणि गंमत बघा, ह्या सगळ्या काळात माझे किस्से अधिकच रंगत गेले. लोक म्हणत, विनायक आता काय फॉर्मात आहे!

टोळी तीन वर्षं बंद होती. मग डॉक्टरांनीच पुन्हा सुरू करवली. आजही चालते. आता सूचना मी कागदावर लिहून आणतो आणि रेशनच्या पाटीसारख्या वाचतो. जांभया येतात. येऊ द्या. उशिरा आलेल्या माणसाला बाजूला घेऊन पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवतो, आणि त्याच्याकडून म्हणून घेतो. नवी माणसं आपसात म्हणतात, "हा माणूस किती नीरस आहे!" नटाला ह्याहून कडू दाद मिळालेली नसेल.

पाचव्या वर्षी खुरासणी फुलली तेव्हा मी काकूंकडे गेलो. का तेव्हाच, ते सांगता येत नाही. त्यांनी दार उघडलं, पाणी दिलं. संध्याकाळची वेळ होती, पण घरात कसलाच वास नव्हता. देवघराचा कोनाडा स्वच्छ होता, देव होते, फुलं होती, पण दिवा नव्हता, उदबत्तीचं घर नव्हतं. काडेपेटी नको म्हणून गॅसला त्या चापाची शेगडी वापरत होत्या. पाच वर्षं त्या घरात काडी पेटली नव्हती.

मी सांगायला सुरुवात केली. आणि लाज वाटते, पण मी छान सुरुवात केली. ती सकाळ, ते पिवळे उतार, बांधावरून येणाऱ्या काकू, ओटीतली फुलं. स्वर लागला होता माझा. काकूंनी हात वर केला.

"सरळ सांगा."

मी सरळ सांगितलं. धुराचं पहिल्या वेळी बोललो, तेव्हा तुम्ही नव्हतात. दुसऱ्या वेळी तुमच्यासाठी म्हणून केलं आणि त्यात ते सांगितलंच नाही. हशा येत नव्हता म्हणून गाळलं. तुम्हाला कुणीच सांगितलेलं नव्हतं.

त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. मला वाटलं रडतील, किंवा मला हाकलतील. दोन्हीसाठी मी तयार होतो. दोन्ही प्रवेश मनात बसवून आलो होतो. त्या उठल्या, फोनपाशी गेल्या, वही न बघता नंबर फिरवला.

"मी आई," त्या म्हणाल्या. "ठेवू नकोस. चष्मेवाले विनायक आलेत, त्यांना बोलायचंय." मग रिसीव्हर माझ्यापुढे धरला आणि दुसऱ्या हाताने बोलायची बाजू झाकली. "मला सांगितलंत तसंच सांगा. रंगवू नका."

मी सांगितलं. चार वाक्यं झाली. इतकं छोटं होतं ते. पाच वर्षं पुरलं. पलीकडे दूर कुठेतरी टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केल्याचं ऐकू आलं.

"आईला माहीत नव्हतं?" तो म्हणाला.

"नाही."

"तुम्ही तेराव्याला होतात."

"होतो."

मग तो म्हणाला, "तिला द्या."

काकूंनी रिसीव्हर घेतला. छातीशी धरला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही निघा आता."

मी बाहेर आलो, त्यांनी दार लावून घेतलं. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. दाराला कान लावायचा मोह झाला, हे कबूल करायला हवं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टींवर जगलेला माणूस मी. नाही लावला. ते बोलणं काय झालं, हे मला आजही माहीत नाही. काकूंना मी पुन्हा विचारलं नाही, आणि त्यांनी मला पुन्हा बोलावलं नाही. मी कठडा धरून जिना उतरलो.